पाठमोरा पंच

शिरूरच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या महेजबीनला बास्केटबॉलचं वेड होतं, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे तिनं ते वेडही वहीत मांडून ठेवलं होतं. घरात केबल आल्यापासून हिवाळ्यात ती भल्या सकाळी उठून अमेरिकेतले सामने पाहायची. एका हातात चहा, दुसऱ्या हातात पेन्सिल. कोणाला किती फाऊल दिले, शेवटच्या दोन मिनिटांत शिट्टी कोणाच्या बाजूनं वाजली, याचे ती रकाने आखायची. दोन हिवाळ्यांच्या नोंदींनंतर तिचं मत पक्कं झालं होतं. शिट्टी नाव बघून वाजते. साध्या खेळाडूचं तिसरं पाऊल पंचाला दिसतं, मोठ्या खेळाडूचं दिसत नाही.

शिक्षकांच्या खोलीत ती हे सांगायला लागली की बाकीचे वर्तमानपत्र उघडायचे. पण मुलींचा संघ तिच्याकडे होता, आणि मुली ऐकायच्या. स्वतः महेजबीन कधी मैदानात उतरली नव्हती. नियमांचं पुस्तक मात्र तिला पाठ होतं.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात तिचा संघ पहिल्यांदाच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना दौंडला, रेल्वे कॉलनीमागच्या मैदानावर होता. समोर दौंडच्याच शाळेचा संघ, आणि त्या संघात तेजश्री होती. दहावीतली ही मुलगी खेळणार म्हटलं की दौंडात आजूबाजूच्या गच्च्या भरायच्या. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. शिरूरच्या मुलींपैकी निम्म्यांनी तोवर पुण्याच्या पलीकडचं गाव पाहिलेलं नव्हतं.

नऊ सेकंद उरली असताना शिरूर एका गुणानं पुढे होतं. तेजश्रीनं मध्यरेषेजवळ चेंडू घेतला. शिरूरची कप्तान जास्मिन तिला आडवी गेली. तेजश्रीनं एकदा खांदा पाडला, जास्मिनच्या बाजूनं निघाली, चेंडूचा एक लांब टप्पा टाकला, आणि पुढच्या क्षणी ती बास्केटखाली हवेत होती. चेंडू जाळीतून खाली आला. शिट्टी वाजली ती सामना संपल्याची.

महेजबीननं टप्प्यानंतरची पावलं मोजली होती. चार.

नियम तसा साधा आहे. चेंडू जमिनीवर आपटत कितीही पळा, पण तो हातात धरला की दोनच पावलं मिळतात. तिसरं पडायच्या आत तो सोडावा लागतो.

दौंडचे लोक मैदानात धावत सुटले, तशी महेजबीन त्यांच्याही आधी धावली. मैदान मुरमाचं होतं. सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेलं असल्यानं त्यावर बूट पडला की नक्षीसकट उमटायचा. तिनं आपल्या मुलींना हात धरून कडं करायला लावलं आणि त्या कड्याच्या आत ती टेप घेऊन बसली. चेंडूच्या शेवटच्या टप्प्याची गोल खूण स्पष्ट होती. तिथून बास्केटपर्यंत बुटांच्या चार खुणा. जास्मिननं टेपचं दुसरं टोक धरलं. शेवटच्या दोन खुणांमधलं अंतर एक मीटर ब्याण्णव सेंटीमीटर भरलं. हा आकडा लिहिताना महेजबीनची पेन्सिल क्षणभर थांबली. सोळा वर्षांची मुलगी एवढं पाऊल टाकते, हे तिनं पुन्हा मोजून पाहिलं. आकडा तोच आला.

रडणाऱ्या मुलींना तिनं एसटीत बसल्यावर सांगितलं, तुम्ही हरला नाहीत, तुम्हाला हरवलंय. माझ्याकडे पुरावा आहे. न्हावऱ्यापर्यंत मुली रडत होत्या, न्हावरा ओलांडल्यावर संतापून बोलायला लागल्या. एकटी जास्मिन खिडकीबाहेर बघत बसली होती.

तक्रार दोन पानांची झाली. सोबत आलेखाच्या कागदावर काढलेली आकृती, मापांसह. शिवाय महेजबीननं एक निरीक्षण जोडलं होतं. पंच सावळाराम हे निर्णायक क्षणी मान खाली घालून उभे होते, त्यांनी खेळाडूकडे पाहिलंसुद्धा नाही. यावरून डोळेझाक जाणूनबुजून केल्याचं दिसतं. निकाल रद्द करून सामना पुन्हा खेळवावा आणि या पंचांना यापुढे शिट्टी देऊ नये, अशी मागणी करून तिनं खाली सही केली, सहीखाली पदवी लिहिली.

स्पर्धा समितीचे अध्यक्ष पोपटराव उसाचे बागायतदार होते. सोसायटीची भांडणं मिटवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं होतं. त्यांनी पुढच्या रविवारी सगळ्यांना मैदानावरच बोलावलं. आकृती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि ती शेजारच्या सभासदाकडे अशी दिली की जणू डॉक्टरांचा रिपोर्ट आहे. मग म्हणाले, बाई शास्त्राच्या आहेत, त्यांनी टेप लावून मोजलंय, आता त्यावर आपण काय बोलणार. सामना परत खेळवू. सावळारामांनी तसंही बावीस वर्षं पंचगिरी केली, आता विश्रांती घ्यावी.

सावळाराम कडेला उभा होता. रेल्वेत गाडी तपासणाऱ्यांपैकी तो एक. दौंडला गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्याडब्याच्या चाकावर ठोका मारत जायचं आणि आवाजावरून चाकाला तडा आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. पोपटरावांचं संपल्यावर त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"आप्पा, शिट्टी न्या. पर त्या आधी मला एक करू द्या. पोरीला तसंच पळू द्या, जसं त्या दिवशी पळाली. मी तिकडं तोंड करून उभा ऱ्हातो, टाकीकडं. चुकलं तर हात वर करतो."

"पाठ करून?" पोपटरावांनी विचारलं.

"व्हय."

सभासद हसले. एकजण म्हणाला, मामा तोंड करूनच बघत नव्हता अशी तर तक्रार आहे, आता पाठ करून काय बघणार. पण महेजबीन हसली नाही. तिला वाटलं, माणूस स्वतःहून कसोटीला उभा राहतोय, तर कसोटी नीट झाली पाहिजे.

तिनं अटी घातल्या. वीस फेऱ्या. दहा चिठ्ठ्यांवर तिनं लिहिलं, 'नेहमीसारखं'. दहांवर, 'चेंडू एक पाऊल आधी धर', म्हणजे त्या फेऱ्यांत हातात चेंडू असताना तीन पावलं पडणार, म्हणजेच चूक. चिठ्ठ्या पर्समध्ये टाकून हलवल्या. प्रत्येक फेरीआधी तेजश्रीनं एक काढायची, वाचायची, आणि कोणालाही न सांगता घडी करून परत द्यायची; ती फेरीच्या क्रमानं बाजूला ठेवायची. महेजबीनचा चुलतभाऊ अजीम दौंडात फोटो स्टुडिओ चालवायचा आणि लग्नांचं शूटिंग करायचा. आपली बाजू सिद्ध करायला तिनं त्याला कॅमेरा घेऊन आधीच बोलावून ठेवलं होतं. बाजूच्या रेषेवर तिपाईवर कॅमेरा लागला. अजीम तिच्या कानाशी म्हणाला, "आपा, नवरी पळतीय असं शूटिंग मी पहिल्यांदाच करतोय."

सावळाराम पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभा राहिला. मैदानाभोवती जमलेले शे-दीडशे लोक आपोआप गप्प झाले. तेव्हा तो मान न वळवता म्हणाला,

"गप बसू नगा. गप बसलेल्या गर्दीत मी कवा शिट्टी वाजवलीय?"

पोपटरावांनी लोकांना ओरडायचा हुकूम सोडला. आधी लाजत, मग मनापासून लोक ओरडू लागले. कोणी पत्र्याचा डबा बडवायला घेतला. मागच्या रुळावरून मालगाडी चालली होती, तिची भर पडली.

पहिल्या फेरीला महेजबीन बास्केटच्या जवळ, खुणा उमटणार होत्या तिथून दोन हातांवर उभी होती. सामन्यात ती कट्ट्यावर होती. इतक्या जवळून तिनं तेजश्रीला पाहिलं नव्हतं. आणि या वेळी तिनं ठरवून पायांकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं.

चेंडू जमिनीवर आपटून वर उठला तेव्हा तेजश्रीचा हात त्याच्यावर नव्हताच. तिनं तो असा पुढे ढकलला होता की तो तिच्याच वेगानं, तिच्याबरोबर पुढे सरकत वर येत होता. एक पाऊल पडलं. चेंडू मांडीजवळ, मोकळा. दुसरं पडलं. चेंडू कमरेच्या वर, अजून मोकळा. दोन्ही पाय जमीन सोडत असताना दोन्ही तळवे त्याच्यावर मिटले. मग दोन पावलं, आणि ती वर गेली. वर गेल्यावर खाली यायची तिला घाई नव्हती.

वर्गात महेजबीन दरवर्षी फळ्यावर काढायची, वर फेकलेली वस्तू आणि तिच्या बरोबरीनं चालणारा माणूस; दोघांचा पुढे जायचा वेग एकच असेल तर वस्तू माणसाला आपल्यासमोरच तरंगताना दिसते. ती आकृती तिच्या समोरून धावत गेली होती. तिनं मनात हिशेब केला. एवढ्या उंचीला यायला चेंडूला जवळपास अर्धा सेकंद लागणार. या मुलीच्या वेगानं अर्ध्या सेकंदात दोन पावलं पडणार. तक्रारीत तिनं चारही पावलं टप्प्याच्या खुणेपासून मोजली होती, कारण जमिनीवर त्यानंतर चेंडूची खूण नव्हती. हवेत खूण उमटत नाही, एवढी साधी गोष्ट विज्ञानाच्या बाईंच्या ध्यानात आली नव्हती.

वीस फेऱ्या झाल्या. प्रत्येकीनंतर महेजबीन खुणा मोजत होती. चेंडू वेळेवर धरला तरी चार खुणा, लवकर धरला तरी चारच खुणा. आलेखाच्या कागदावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसल्या असत्या. तिचा पुरावा पुराव्याच्या जागी उभाच नव्हता.

आणि टाकीकडं तोंड केलेला माणूस हात वर करत होता, खाली ठेवत होता. त्याची मान जराशी झुकलेली होती. डब्याचा, माणसांचा, गाडीचा गोंगाट त्याच्या अंगावरून वाहून चालला होता. चिठ्ठ्या जुळवल्या तेव्हा अठरा बरोबर निघाल्या. पाचव्या फेरीची चिठ्ठी 'नेहमीसारखं' होती, तरी त्यानं हात वर केला होता. चौदावीला 'एक पाऊल आधी' होतं, आणि त्याचा हात खाली राहिला होता.

अठरासुद्धा अचाट होते. लोक टाळ्या वाजवत होते. पोपटराव म्हणाले, डोळं मिटून एवढं, म्हंजी उघडून किती. पण महेजबीन त्या दोन फेऱ्यांपाशी अडकली. तिनं सावळारामांना विचारलं, पाचवी आणि चौदावी तुमची चुकली का.

त्यानं टोपी डोक्यावर घातली. "चिठ्ठीचं मला ठाव न्हाई, मॅडम. पाचवीला चेंडू लौकर गप झाला. चौदावीला उशिरा."

"गप झाला म्हणजे?"

नळावर पाय धुता धुता त्यानं सांगितलं ते असं. मोकळा चेंडू बारीक बोलत असतो, हवा भरलेली वस्तू आहे ती, जमिनीवरून उठली की तिचा नाद राहतो. तळवे मिटले की तो तुटतो. गाडीखाली तीस वर्षं तो हेच ऐकत आलाय, चाक कुठवर वाजतं आणि कुठं वाजायचं थांबतं. मागं इंजिन शिट्ट्या मारत असलं तरी. मैदानात तो डोळे पायांवर ठेवतो आणि कान हातांवर. दोन्ही गोष्टी डोळ्यांनीच बघायला गेलं तर एक सुटतंच. आज पाय दिसत नव्हते, म्हणून पावलंही त्यानं मुरमावरच्या बुटांच्या आवाजावरून मोजली.

"म्हणून तुमची मान खाली होती," महेजबीन म्हणाली. स्वतःच्या तक्रारीतलं ते वाक्य तिला शब्दाशब्दानं आठवत होतं.

"ते एक. आन् दुसरं असं..." त्यानं पाय झटकले. "पंचगिरी नवीन होती तवा पुण्याचा एक मोठा खेळाडू हितं खेळाय आला. तोंडाकडं बघितलं आन् शिट्टी तोंडातच ऱ्हायली. तीन पावलं झाल्याली मला सपष्ट कळली हुती. त्यानंतर मी तोंडाकडं बघतच न्हाई. चेंडू जाळीत जाईस्तवर मला कोण पळतंय ते म्हाईतच नसतं."

महेजबीनच्या वहीतले आकडे खोटे नव्हते. शिट्टी नाव बघून वाजते हे खरंच होतं, या माणसाकडूनही ती एकदा तशीच वाजायची राहून गेली होती. पण नावाचा भार किती असतो हे कळलेला माणूस त्यावर वहीभर नोंदी करून थांबला नव्हता. त्यानं नाव दिसणारच नाही अशी पद्धत बसवली होती आणि बावीस वर्षं कोणाला न सांगता तशीच वापरली होती.

दुपारी ती अजीमच्या स्टुडिओत बसली. त्यानं कॅसेट लावली आणि एकेक चित्र पुढे सरकवत नेलं. पाचव्या फेरीत तेजश्रीचा पाय अजून जमिनीवर असताना तळवे चेंडूवर होते. चिठ्ठी 'नेहमीसारखं' म्हणत होती, पण मुलीची चूक झाली होती. चौदावीत तिनं लवकर धरायला हात नेला, चेंडू बोटांवरून निसटला आणि पाऊल उचलल्यावरच हातात आला. दोन्ही वेळा चिठ्ठी चुकली होती, सावळाराम नाही.

अकराव्या फेरीपाशी ते दोघं पंधरा मिनिटं थांबले. एका चित्रात चेंडू मोकळा आणि पाय खाली, पुढच्याच चित्रात चेंडू हातात आणि पाय वर. मध्ये काय झालं ते कॅमेऱ्याजवळ नव्हतं.

"सेकंदाला पंचवीसच चित्रं, आपा. ह्याच्यापेक्षा जास्त ह्याला दिसत नाही," अजीम म्हणाला. मग म्हणाला, "आणि चाचानी काय दिलं होतं?"

"हात वर."

"चिठ्ठी?"

"आधी धर."

अजीमनं टीव्हीच्या काचेवरची धूळ उगाचच बोटानं पुसली. रस्त्यावरून ट्रकचा आवाज येत होता. महेजबीनला जाणवलं की त्या आवाजात आपल्याला फक्त ट्रक ऐकू येतो.

तिनं तिथंच बसून तक्रार मागे घेण्याचं पत्र लिहिलं. माझं मोजमाप बरोबर होतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक होता. पंचांच्या प्रामाणिकपणाबद्दल मी जे लिहिलं त्याला आधार नव्हता. पदवी या वेळीही लिहिली. ती खोडली असती तर आपण पळ काढला असं झालं असतं. पोपटरावांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि ते म्हणाले, सामना परत झाला असता तर तुमच्या पोरींना एक संधी मिळाली असती, बाई, नीट इचार केलाय ना. तिनं केलाय म्हणून सांगितलं. खरं म्हणजे मुलींना काय सांगायचं याचा विचार करायला तिला शिरूरपर्यंतची एसटी पुरली नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर तिनं संघाला प्रयोगशाळेत बसवलं. वीस फेऱ्या, चिठ्ठ्या, कॅसेट, सगळं क्रमानं सांगितलं. कुठलीही बाजू राखून ठेवली नाही. सामना पुन्हा होणार नाही. राज्य स्पर्धेला दौंड जाईल. तुम्हाला कोणी फसवलं नव्हतं. फसवलं असं मी सांगितलं, ते चुकीचं होतं.

एकीनं विचारलं, मग आता घरी काय सांगायचं, घरच्यांनी गल्लीभर करून ठेवलंय. महेजबीन म्हणाली, बाईंची चूक झाली असं सांगा, कोणाला खरं वाटलं नाही तर मी घरी येईन.

सगळ्या गेल्यावर जास्मिन मागे राहिली. दप्तर खांद्याला लावून ती दाराशी उभी होती.

"बाई, मला ते म्हाईत हुतं."

"काय?"

"चेंडू तिच्या हातात नव्हता. मी हातभर अंतरावर हुते. मारायला हात घातला तवा चेंडू मोकळाच हुता, फकस्त मला पोचता आलं न्हाई. मग पुढं तिची दोनच पावलं."

महेजबीन स्टुलावर बसली. "मग त्याच दिवशी बोलली का नाहीस?"

"तुम्ही मोजत हुता," जास्मिन म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमचं मोजल्यालं कवा चुकत न्हाई. मला वाटलं, मलाच नीट दिसलं नसंल."

बाहेर शिपाई वर्गांना कड्या घालत येत होता. महेजबीननं त्याला हातानंच थांबायला सांगितलं आणि दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

"बस," ती म्हणाली. "ती तुझ्या बाजूनं गेली तेव्हाचं मला पहिल्यापासून सांग. जे दिसलं ते, आणि ऐकू आलं असेल तर तेही."

जास्मिननं दप्तर खाली ठेवलं. थोडा वेळ तिनं डोळे मिटले, मग दोन्ही हात पुढे धरले, जणू समोरून कोणी धावत येतंय.

"पयल्यांदी तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "तिथंच मला कळलं की मी गेले."

महेजबीननं पेन्सिल उचलली नाही. ती ऐकत राहिली.